एकतीस चिंचोके : कडक भाकरीच्या घरातलं एक वजनवाढीचं प्रकरण

"मी खातच नाही ओ मॅडम काही. पाणी प्यालं तरी अंगाला लागतंय."

मी आहारतज्ज्ञ, आणि हे वाक्य माझ्या खोलीत आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकू येतं. ते म्हणणारी बाई बहुतेक वेळा खोटं बोलत नसते, आणि या प्रकरणातल्या ताईही बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. काय जेवलात विचारलं की त्या ताटातलं सांगायच्या, आणि ताटात फारसं काही नव्हतंच. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, बाकी प्रकरण घडलं तसं मांडते.

ताई आणि त्यांचं घर

वय 46. राहायला सोलापूरच्या हद्दवाढ भागात. चार वर्षांपूर्वी त्यांनी घरातच कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा सुरू केला. (आमच्याकडं शेंगदाण्यालाच शेंगा म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी.) भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. रोजच्या शे-सव्वाशे भाकरी, मदतीला शेजारची एक बाई. चटणीसाठी छोटं कांडप मशीन घेतलेलं. माल नवी पेठेतल्या दोन दुकानांत जातो, आणि पुण्याला पोराकडं जाणाऱ्यांच्या पिशव्यांतून बराचसा.

घरात सासूबाई, नवरा आणि त्या. मुलगा दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, कायम सेकंड शिफ्ट, घरी यायला रात्रीचे साडेअकरा.

ऑगस्टअखेर पहिल्यांदा आल्या तेव्हा उंची 153 सेंमी, वजन 70.6 किलो, कंबर 94 सेंमी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 30.2. आपल्याकडच्या लोकांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, बायकांच्या कमरेची मर्यादा 80 सेंमी. आपल्या अंगात स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, त्यामुळं साखर आणि हृदयाचे त्रास कमी वजनालाच सुरू होतात, म्हणून हे आकडे युरोपातल्यांपेक्षा खाली ठेवलेत. धंदा सुरू करायच्या आधी त्यांचं वजन 59 होतं. चार वर्षांत साडेअकरा किलो वाढलं.

तपासण्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) 6.1 निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (5.7 ते 6.4 हा तो पट्टा). थायरॉइड नॉर्मल. हे ऐकून ताईंचा चेहरा पडला. थायरॉइड निघालं असतं तर एक गोळी आली असती आणि दोष कुणाचाच राहिला नसता. मला ते समजतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, ती यांनाही विचारली. खाताना हात आवरतच नाही असं होतं का? चोरून, एकटं बसून, पोट दुखेपर्यंत खाणं आणि मग स्वतःची किळस येणं, असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने? या प्रश्नाला "हो" आलं तर ते प्रकरण माझ्या एकटीचं राहत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं लागतं आणि तिथं डाएटचा तक्ता उलट नुकसान करतो. ताई हसल्या. "चोरून खायला वेळ कुठाय?"

आधी काय करून झालं होतं

थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांचं सारखंच असतं. ओळखीतल्या एकीकडून डब्यातली पावडर आणली. सकाळ-रात्र जेवणाऐवजी शेक. तीन महिन्यांत चार किलो उतरले, पैसे संपले, पाच किलो परत आले. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता पाठवला: सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन ब्रेड, रात्री सूप, फोडणीला ऑलिव्ह ऑइल. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती ज्वारी ताईंच्या घरात पोत्यानं येते, 100 ग्रॅम ज्वारीत 10 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा (फायबर) असतो, आणि या बाई दुकानातून ओट्सचं पाकीट आणत होत्या. तो तक्ता अकरा दिवस चालला.

यातून एक सवय मात्र मागं राहिली होती, आणि तीच सगळ्यात वाईट. सकाळचं खाणं बंद. "दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवलं की चरबी जळते म्हणे." पहाटे पाचला चहा, मग थेट दोन वाजता एक भाकरी आणि भाजी, तीही घाईत.

चिंचोके

नेहमी मी सात दिवसांची वही लिहायला देते. ताईंनी वही परत आणली ती पिठानं माखलेली, आणि आत दीड दिवसाच्या नोंदी. चूक माझी होती. कोपरापर्यंत हात पिठात असलेल्या बाईनं पेन कधी धरायचं? मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं असतं तर तेही तसंच झालं असतं.

मग घरात काय सहज मिळतं याचा विचार केला. एका वाटीत चिंचोके भरून तव्याशेजारी ठेवायचे, बाजूला एक रिकामी वाटी. पाणी सोडून काहीही तोंडात गेलं की एक चिंचोका इकडून तिकडं. लिहायचं काही नाही, फक्त टाकायचा. रात्री मोजायचे, आणि मदतीच्या बाईंना विचारून आठवेल तेवढं कशाकशाचे ते सांगायचं.

पहिल्याच दिवशी एकतीस.

फोनवर आकडा सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. वाटणी अशी निघाली: बसून जेवलेले 3, चहाचे 5, भाकरीच्या तुकड्यांचे 11, चटणीची चव बघितल्याचे 8, आणि उरलंसुरलं संपवल्याचे 4. सासूबाईंच्या ताटात राहिलेला भात, पातेल्याच्या बुडाची आमटी, असलं.

अकरा तुकडे हे काय प्रकरण आहे ते बघायला मी एकदा दुपारी त्यांच्या घरी गेले. कडक भाकरी रचताना, पाकिटात घालताना मोडते. मोडलेली विकली जात नाही. तो तुकडा परातीच्या कडेला पडतो, हाताशी चटणीचं भांडं असतंच. ताई माझ्याशी बोलत होत्या, पोराच्या लग्नाचं सांगत होत्या, आणि बोलता बोलता डाव्या हातानं तुकडा उचलला, चटणीत दाबला, तोंडात टाकला. नजर तव्यावर. वीस मिनिटांत तीनदा. चौथ्यांदा हात गेला तेव्हा मी चिंचोक्यांच्या वाटीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं आणि तुकडा परत ठेवला. पहिल्या तीन तुकड्यांचा एकही चिंचोका पडलेला नव्हता. म्हणजे एकतीस हासुद्धा कमीच आकडा.

डबा आणि काटा

दुसऱ्या दिवशी एकच काम दिलं. एकही तुकडा खायचा नाही; खावासा वाटेल तो प्रत्येक तुकडा स्टीलच्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी डबा घेऊन यायचं. तुकडे काट्यावर ठेवले तर 110 ग्रॅम.

हे ऐकून बऱ्याच जणांना वाटेल, 110 ग्रॅम म्हणजे काय मोठंसं. ताईंनाही तसंच वाटलं. मऊ भाकरीत निम्म्याजवळ पाणी असतं. कडक भाकरीतलं पाणी उडून गेलेलं असतं, राहतं ते पीठ. हाताला हलकी, दाताला कुरकुरीत, पण वजनाला वजन धरलं तर मऊ भाकरीच्या दीडपटीहून जास्त. 110 ग्रॅम तुकडे म्हणजे साधारण 365 कॅलरी, जवळपास दोन मऊ भाकरी. त्यासोबतची आणि चव बघतानाची चटणी चमच्यानं अंदाज घेत 35 ग्रॅम धरली. निम्म्याहून जास्त शेंगदाणेच, म्हणजे 180 च्या आसपास. पाच चहांचे, म्हशीचं दूध आणि दीड-दीड चमचा साखर धरून, 350. उरलंसुरलं 150.

एकूण 1,045. दिवसभराचा सगळा हिशोब 2,200 च्या घरात जात होता. म्हणजे ताई जवळपास निम्मं खाणं उभ्यानं, काम करता करता खात होत्या, आणि "मी खातच नाही" म्हणताना नेमकं हेच निम्मं त्यांच्या हिशोबात नव्हतं.

यावर एक खुलासा हवा, नाहीतर गैरसमज होईल. हे हजार सगळेच जादा नव्हते. सकाळची न्याहारी नाही, दुपारी एकच भाकरी. शरीर ती उणीव या तुकड्यांतून भरून काढत होतं. वर जात होतं ते थोडंच. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक ठोकताळा मांडला होता: रोजच्या खाण्यात कायमचा 24 कॅलरींचा फरक पडला की वजनात शेवटी साधारण एक किलोचा फरक पडतो, आणि त्यातला निम्मा पहिल्या वर्षात दिसतो. त्या हिशोबानं ताईंचे साडेअकरा किलो म्हणजे रोजचे फार तर 280 कॅलरी. चार-पाच तुकडे, थोडी चटणी, एखादा चहा. चार वर्षांत साडेअकरा किलो वाढायला बकासुर असावं लागत नाही.

हाच ठोकताळा उतरताना उलटा लागतो. तो मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकते. रोज 280 कमी झाले तर वर्षात पाच-सहा किलो, त्याहून फार नाही. ताई म्हणाल्या, "पावडरीनं तीन महिन्यांत चार गेले होते." मी म्हटलं, "आणि पाच आले."

काय बदललं

पहिली गोष्ट न्याहारी. खाणं कमी करायला आलेल्या बाईला आधी जास्त खायला सांगायचं, हे सासूबाईंना मुळीच पटलं नाही. पहिला घाणा उतरला की साडेनऊला काम थांबवायचं, हात धुवायचे, ताट घ्यायचं, जमिनीवर बसायचं. एक मऊ भाकरी, मोठी वाटी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दही. आठवड्यातून दोनदा उसळीऐवजी अंडी. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की अकरा-बारा वाजता हात परातीकडं जायचा कमी होतो, आणि ताईंचा जास्तीत जास्त तुकडेबाजीचा वेळ नेमका अकरा ते एक हाच होता. बसून जेवण्याचा आग्रह मी धरते तो शिस्त म्हणून नव्हे. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि उभ्यानं टाकलेला घास त्या जाणिवेच्या आधीच आत गेलेला असतो.

दुसरी गोष्ट चव. आठ वेळा चव का बघावी लागते? कारण मीठ-तिखट अंदाजानं पडतं. आधी मी सांगून बसले होते की चव सासूबाईंना बघू द्या. त्यांना रक्तदाब आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. ताईंनीच आठवण करून दिली, आणि मी गप्प बसले. मग उपाय काट्यावर सापडला. एका रविवारी बसून त्यांनी त्यांच्या मनासारख्या चटणीचं सगळं वजन केलं: किलोभर भाजलेल्या शेंगांना मीठ किती, तिखट किती, लसूण किती, जिरं किती. आकडे खडूनं भिंतीवर लिहिले. आता चव फक्त पहिल्या आणि शेवटच्या घाण्याची. माल एकसारखा व्हायला लागला म्हणून दुकानदार खूश, ते वेगळंच.

तुकड्यांचं सोपं नव्हतं. "टाकू कसं ओ? अन्न आहे." या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि असूही नये. दुष्काळ बघितलेला आमचा जिल्हा. इथं ताटाखाली सांडलेलं शीतही उचलून खाल्लेलं मी लहानपणी बघितलंय. टाकू नका, पण तुमचं पोट म्हणजे उरलेलं ठेवायची कणगी नव्हे, एवढंच म्हणाले. डबा तोच ठेवला. दिवसभर तुकडे त्यात. पहिले दोन आठवडे रात्री तो भरलेला डबा शेजारणीच्या शेळीला गेला, आणि ताईंना ते सोसत नव्हतं. मग मदतीच्या बाईंनीच सुचवलं, चुरा करून विकूया. आमटीत कुस्करायला, दुधात घालायला लोक घेतातच की. "तुकडे विकते म्हणतील" या भीतीनं ताईंनी महिनाभर टाळलं. आता 'भाकरीचा चुरा' म्हणून छोटी पाकिटं जातात. डब्यातल्या तुकड्याला किंमत आल्यावर तो तोंडात जायचा जवळपास थांबला. माझ्या कुठल्याही समजावणीपेक्षा हे जास्त लागू पडलं, हे मान्य करते.

तिसरी गोष्ट रात्रीची, आणि इथं मी सपशेल आपटले. ताई साडेसातला सासूबाईंबरोबर पोटभर जेवायच्या, कारण म्हातारं माणूस एकटं कसं जेवणार. मग साडेअकराला नवऱ्याबरोबर परत, कारण दिवसभर राबून आलेला माणूस एकटा कसा जेवणार. दुसरं जेवण 400 कॅलरींचं. मी सरळ सांगितलं, रात्री त्यांच्याबरोबर बसा, पण फक्त ताक घ्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. "मग काय मी एकट्यानंच गिळू का?" त्या रात्री दोघंही उपाशी झोपले. पुढच्या वेळी ताई आल्या त्या माझ्यावर रागावूनच.

तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. संध्याकाळी स्वतःचं रात्रीचं सगळं जेवण एकाच ताटात वाढून घ्यायचं: दीड भाकरी, भाजी, वरण, कांदा-काकडी. अर्धं सासूबाईंबरोबर खायचं, अर्धं झाकून ठेवायचं, ते साडेअकराला नवऱ्याबरोबर. जेवण एकच, पंगती दोन. झाकलेल्या ताटात परत काही वाढायचं नाही, एवढाच नियम. आहारशास्त्राच्या दृष्टीनं रात्री साडेअकराला खाणं फार चांगलं नाही, आणि मी ते बदलायचा हट्ट सोडून दिला. त्या दोघांना दिवसभरात एकमेकांसमोर बसायला मिळतात ती तीच वीस मिनिटं.

राहिला भात. मुलगा पुण्याला जाऊन दोन वर्षं झाली तरी तांदूळ चौघांच्याच मापानं पडत होता. आमटीही तेवढीच. उरायचं ते ताईंच्या वाट्याला. मी विचारलं, माप कुठलं वापरता? त्यांनी सांगितलं आणि एकदम गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून लहान वाटी. यावर आम्ही पुढं काही बोललो नाही.

चहा पाचाचे तीन, साखर निम्मी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. 5 टक्के म्हणजे ताईंसाठी दिवसाला चार-पाच चमचे. एवढं जमलं. चालणं म्हणाल तर साडेसातच्या जेवणानंतर वीस मिनिटं कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं, बस.

पाण्याचा दिवस

दुसऱ्या महिन्यात चिंचोक्यांच्या आकड्यांत एक गंमत दिसली. बहुतेक दिवस 15 ते 18, आणि मधूनच एखाद्या दिवशी 27, 29. सण नाही, पाहुणे नाहीत. तारखा समोर ठेवल्या तर अंतर सारखं. ताईंनी दोन मिनिटं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पाण्याचा दिवस!"

सोलापूरकरांना सांगायला नको. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्यांच्या भागात ते पहाटे तीनच्या सुमाराला यायचं. नवरा साडेअकराला आलेला, जेवण उरकून झोपायला साडेबारा, आणि अडीचला उठून मोटार, पाइप, पिंप, हंडे. त्या दिवशी झोप दोन तास. मग दिवसभर चहा आणि गोडधोड, शेंगा, तुकडे.

झोप आणि भुकेचं नातं शिकागोतल्या संशोधकांनी 2022 साली चांगलं दाखवलं. वजन जास्त असलेल्या आणि साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या 80 माणसांपैकी निम्म्यांना फक्त झोप वाढवायला मदत केली, खाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. झोप सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं रोज सुमारे 270 कॅलरींनी उतरलं. 270! ताईंचा जादाचा आकडा 280 होता.

नळाची वेळ बदलणं माझ्या हातात नाही, त्यांच्याही नाही. पण पाण्याच्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवता येतं. त्या दिवशी भाकरीची ऑर्डर निम्मी. दुपारी जेवल्यावर दार लावून तासभर आडवं व्हायचं. न्याहारीची उसळ आदल्या रात्रीच करून ठेवलेली. आणि त्या दिवसाचे चिंचोके मोजायचेच नाहीत, कारण तो आकडा बघून त्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहायच्या आणि तिसऱ्या दिवशी परत तुटून पडायच्या. चार महिन्यांनी मोटारीचं काम पुतण्यानं अंगावर घेतलं, तेव्हा खरा फरक पडला.

नवरात्र आणि गड्डा

घटस्थापनेच्या आधी वजन 68.9 होतं. नऊ दिवसांचे उपवास झाले आणि 69.8. "उपवास करून वाढलं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा रूपाभवानीच्या दर्शनाला अनवाणी गेल्याच्या पायांच्या भेगा त्यांनी मला दाखवल्या होत्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. एक ताटली खिचडी सहज दोन-अडीच भाकऱ्यांएवढी भरते आणि तीन तासांत परत भूक. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही. भगर आणि दही, रताळं, राजगिरा, ताक यांवर नऊ दिवस नीट जातात. पुढच्या एकादशीपासून ताईंनी साबुदाणा एका वेळेपुरता ठेवला.

डिसेंबरात 67.6 होतं. मग जानेवारी आला. सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वज, घरोघरी पाहुणे, आणि ताईंचा धंद्याचा भर हंगाम. भाकरी रोजच्या दीडपट, झोप चार तास. भोगीची भज्जी आणि बाजरीची भाकरी, संक्रांतीला शेंगा पोळी, वर तूप. भोगीच्या भज्जीला माझी काही हरकत नाही. पावटा, हरभरा, गाजर, वांगं घातलेली ती भाजी वर्षभर खावी अशी आहे. शेंगा पोळीचं तसं नाही. गूळ, शेंगदाणे आणि कणीक एकत्र आलं की एका पोळीतच एका जेवणाचा ऐवज, आणि एकीवर कोण थांबतं.

वजन वाढलं याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्यानंतर पाच आठवडे ताई आल्याच नाहीत. फोनवर "येते की ओ, कामात आहे." शेवटी मी म्हणाले, वजन नाही करायचं, चहा प्यायला या. आल्या. काट्यावर स्वतःच चढल्या, 69.0. रडल्या थोड्या. "एवढं केलं ते सगळं गेलं." गेलं नव्हतं. 70.6 वरून आलेली बाई यात्रा, हंगाम आणि अपुरी झोप यांतून 69.0 वर निघाली होती. न्याहारी त्या पाचही आठवड्यांत एकदाही चुकली नव्हती, भिंतीवरचे आकडे तसेच होते. तेव्हापासून मी सगळ्यांनाच बजावते: बिघडलेल्या आठवड्यात यायचंच, चांगल्या आठवड्यात नाही आलात तरी चालेल.

सध्या

जूनअखेर वजन 65.4, कंबर 88 सेंमी, एचबीएवनसी 5.8. दहा महिन्यांत पाच किलो दोनशे ग्रॅम. बीएमआय अजून 28 च्या आसपास, म्हणजे कागदावर त्या आजही लठ्ठच. त्यांच्या जावेनं "बारीक झालीस" म्हटलेलं नाही, आणि हे त्यांना बोचतं. ब्लाउज मात्र दोनदा आत घ्यावे लागले.

चिंचोके मार्चपासून बंद केले. कायम मोजत बसणं हाही एक जाच असतो. मध्ये एकदा त्यांनी आपण होऊन दोन दिवस वाटी काढली होती, तेव्हा आकडा 12 आला. त्यांतले बसून खाल्लेले 5.

एक नवीन अडचण आलीय. नवऱ्याला जूनपासून फर्स्ट शिफ्ट मिळाली. झाकलेल्या ताटाची गरज संपली, तिघं साडेसातला एकत्र जेवतात, ताई साडेनऊला झोपतात. पण नवरा आता दुपारी साडेचारला घरी येतो आणि येताना हातात गरम भजीचा पुडा असतो. "इतकी वर्षं कधी काही आणता आलं नाही म्हणून आणतात ओ," ताई सांगत होत्या. नको म्हणणं त्यांना जमत नाही, आणि खरं सांगायचं तर ते सांगताना त्या लाजत होत्या. सध्या ठरलंय ते असं: पुडा लहान, आठवड्यातून दोनदा, ताटलीत काढून दोघांनी ओट्यावर बसून खायचा. जमतंय का ते आषाढी एकादशीनंतरच्या तारखेला कळेल.